मशिनी कुणाच्या

“शेवंता किल्ली मागायला येईल,” यजमान बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. “आज देऊ नकोस.”

मी तव्यावरची भाकरी उलटत होते. “बरं.”

“का म्हणून विचारलं तर साहेब कोर्टात गेलेत म्हणून सांग. त्यापुढं काही बोलू नकोस.”

“बरं.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. लागोपाठ दोनदा ‘बरं’ ऐकलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी गळ्यातली पांढरी कॉलर नीट केली, सायकल काढली आणि फाटकाबाहेर पडले.

मोहरवाडीला येऊन आम्हाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. माझे यजमान, रेव्हरंड शमुवेल उजागरे, तिथल्या मंडळीचे पाळक. चर्चच्या आवारातच आमचं घर आणि घरासमोर जुना कौलारू हॉल. पूर्वी तिथं शाळा भरायची. या आवारावरून मंडळीत दोन तट पडले होते. एक लुकस मास्तरांचा, दुसरा भिंगारदिवे वकिलांचा. जागा मंडळीच्या ताब्यात असावी की चर्चच्या ट्रस्टच्या, यावरून ते कोर्टात गेले, आणि आदल्या दिवशी हुकूम आला. निकाल लागेपर्यंत हॉलला सील. मंडळीचं जे काही आत असेल ते आतच राहायचं. यजमानांनी दोन्ही तटांना शब्द दिला होता की आतली काडीसुद्धा हलणार नाही.

आत शिलाईच्या मशिनी होत्या.

त्या पुण्याहून आल्या होत्या. पुण्याची एक मोठी मंडळी आणि आमची मोहरवाडीची, अशी जोडी ठरली होती. कागदावर ‘भगिनी मंडळ्या’ म्हणायचे. सुरुवातीला नुसतं एकमेकींसाठी प्रार्थना करणं आणि नाताळला भेटकार्ड पाठवणं एवढंच चालायचं. मग तिथल्या महिला मंडळाच्या नलिनीबाई एकदा आमच्याकडं आल्या, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या, आणि वर्षाच्या आत टेम्पोतून मशिनी आल्या. पुण्याच्या बायका कापड पाठवायच्या, आमच्या बायका झबली, टोपडी, दुपटी शिवायच्या, आणि त्या तिकडं प्रसूतिगृहांतून ती विकायच्या. शिवणाऱ्या सगळ्याच काही आमच्या मंडळीतल्या नव्हत्या. मोमीनपुऱ्यातली हसीना होती, वरच्या आळीतल्या दोघी होत्या. मला स्वतःला शिवता येत नव्हतं. सुईत दोरा ओवतानाही मी तिरळी व्हायचे. मी सकाळी प्रार्थना घ्यायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे आणि पुण्याची पार्सलं बांधायचे.

शेवंता जगधने नेहमीच्या वेळेला आली. उंच, काटक बाई. नवरा ट्रकवर, घरी आला तर आला. तिन्ही पोरांचं तीच बघायची.

“किल्ली, बाई.”

“आज नाही शेवंता. साहेब कोर्टात गेलेत.”

“साहेबांचं काय काम? ती काय, खुंटीला हाये.”

मी तव्याकडं वळले. तिनं पायरीवर पाय ठेवला होता तो खाली घेतला.

“म्हणजे खरंच सील लावणार.”

“निकाल लागेपर्यंतच.”

“आमच्या चुलत्याच्या बांधाचा निकाल अजून लागायचाय, बाई. चुलता गेला, त्याचा पोरगा म्हातारा झाला.” तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. “हे साहेबांनी सांगितलं, का तुम्ही म्हणताय?”

“दोन्ही एकच.”

“एकच कसं असंल?” असं म्हणाली आणि वळून गेली. रागानं नाही. तिला खरंच प्रश्न पडला होता.

तिचं चुकत नव्हतं, पण आमच्या घरात तो प्रश्न कधी निघालाच नव्हता. लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं, पाळकाच्या बायकोला मंडळीच्या कारभारात मत नसतं. मी ते एकदाच मोडलं. मोहरवाडीच्या आधीच्या गावी दफनभूमीच्या भिंतीवरून चार बायकांत मी मनातलं बोलून गेले. ते पंच कमिटीपर्यंत पोचलं आणि भर पावसाळ्यात आमची बदली झाली. यजमानांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. ट्रकमध्ये सामान चढवताना अर्पणाला तेवढं म्हणाले, “बाळ, आता पुन्हा नवी शाळा.” ते मला अजून टोचतं. आणि आता अर्पणा दहावीला होती. मार्चमध्ये परीक्षा.

मी भाकऱ्या उरकल्या. तांदूळ निवडायला घेतले, ते अर्धवट ठेवून कपडे वाळत घालायला गेले, तिथून परत येऊन पुन्हा तांदूळ घेतले. खिडकीतून समोर चिंचेखाली बायका जमलेल्या दिसत होत्या. एकेक येत होती, हॉलच्या कुलपाकडं बघत होती आणि चिंचेखाली बसत होती. नुसत्या बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं. हसीना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

“आई, एका जागी बस ना,” अर्पणा पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली. “तू सारखी आत-बाहेर करतेस, माझी बेरीज चुकते.”

मी पायात चप्पल सरकवली आणि पोस्टाशेजारच्या बूथवर जाऊन पुण्याला फोन लावला.

नलिनीबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“कमलिनीबाई, मशिनी आम्ही त्या बायकांनाच दिल्या,” त्या म्हणाल्या. “वाटपाला मी आले होते. ज्या शिवतील त्यांच्या, असं मी सगळ्यांसमोर बोलले होते.”

“मग तसं तुम्ही कोर्टाला कळवाल का?”

“ते मला नाही करता यायचं. दोन गटांच्या वादात आमच्या मंडळीनं पडायचं नाही, असं काल आमच्या पाळकांनी मला बजावलंय. एका गटाची बाजू घेतली असं होईल.” त्यांचा आवाज खाली आला. “बायका उद्या झाडाखाली बसून शिवायला लागल्या तरी मी कापड पाठवीन. माझ्या पदराला खार लावून पाठवीन. पण मशिनी हलवा असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.”

मी फोन ठेवला. तुमचं तुम्ही ठरवा, असं मला त्याआधी कुणी म्हटलेलं आठवत नाही. बूथवाल्याला पैसे देताना मी ते तीनदा मोजले. त्यानं विचारलं, घरी सगळं ठीक ना. मी हो म्हटलं.

येताना सबंध रस्ता मी स्वतःशी बडबडत होते. घरात शिरले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि चिंचेखाली गेले. बायका उठून उभ्या राहिल्या.

“अर्धवट राहिलेली झबली तेवढी बाहेर काढा,” मी शेवंताला म्हटलं. “कापड पुण्याचं आहे. ते आत अडकलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही. मशिनींना हात लावायचा नाही.”

शेवंतानं किल्ली घेतली. “नाही लावत,” ती म्हणाली.

मी आमच्या ओट्यावर येऊन बसले. बायका आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. आणि मग एक मशीन सुरू झाली. तिच्यामागून दुसरी. बघता बघता सगळ्या हॉलभर तो ओळखीचा घरघराट भरला, आणि कौलांवरची कबुतरं उडून पुन्हा खाली बसली.

मी उठून आत जाऊ शकले असते. बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी केल्याही असत्या. मी तांदळाचं सूप मांडीवर घेतलं आणि खडे शोधत राहिले. त्या तांदळात एकही खडा नव्हता.

कोर्टाच्या बेलीफला घेऊन यजमान दुपारी आले. खैरनार नावाचा, पन्नाशीचा, घामाघूम झालेला माणूस, काखेत फाईल. मागं लुकस मास्तर आणि त्यांची माणसं, त्यांच्यापासून अंतर ठेवून भिंगारदिवे वकील आणि त्यांची माणसं. फाटकापाशीच यजमानांनी सायकल थांबवली. घरघराट त्यांच्या कानावर पडला होता.

“कुणी उघडलं?” त्यांनी मला विचारलं.

“मी.”

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“मी या दोघांना शब्द दिला होता,” ते हळू आवाजात म्हणाले. “जा, त्यांना बाहेर बोलाव. तुझं ऐकतात त्या.”

मी गेले. हॉलमध्ये नेहमीचं ऊन, नेहमीच्या रांगा. माना खाली, पाय चालू. शेवंतानं मान वर न करताच विचारलं, “आला का कोर्टाचा माणूस?”

“आलाय. बाहेर चला सगळ्या.”

“मशिनी घेऊन?”

“नाही.”

“मग शिवतो आम्ही. त्याला म्हणावं लाव कुलूप. आम्ही आत हावोत.”

“शेवंता, साहेबांची नोकरी जाईल.”

आता तिनं पाय थांबवला. “बाई, साहेबांना बदली मिळंल. दुसरं गाव, दुसरं घर. आम्हाला खडी मिळंल. मी खडी फोडलीय, तुम्ही नाही फोडली.” तिनं पुन्हा पाय चालू केला. “तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही बोलत. हाये ते सांगते.”

तेवढ्यात कोपऱ्यातली हसीना उठली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“बाई, मला जाऊ द्या. पोलीसबिलीस आले आणि सासऱ्यांना कळलं तर मला पुन्हा घराबाहेर सोडणार नाहीत.”

“जा,” मी म्हटलं. “मागच्या दारानं जा.”

ती गेली. तिची मशीन रिकामी राहिली, सुईखाली बाळाचं पिवळं झबलं तसंच. सगळ्या मशिनी चालू आणि ती एक गप्प. दारात माणसं येऊन उभी राहिल्याची मला चाहूल लागली. मी बाहेर जाऊन काय सांगणार होते, मला ठाऊक नव्हतं. मी हसीनाच्या स्टुलावर बसले.

पायाखालची पट्टी मी दाबली तर चाक उलटं फिरलं, दोरा गुंतला आणि तटकन तुटला. शेजारची बाई हसली. शेवंताही हसली, आणि बसल्या जागेवरून हात लांब करून तिनं चाकाला पुढं ढकलून दिलं.

“वरून द्या, बाई. हातानं आधी, मग पायानं.”

मी दिलं. सुई कापडावरून वेडीवाकडी धावली. मी मान वर केली तेव्हा यजमान दारात उभे होते आणि माझ्याकडं बघत होते.

बेलीफ आत आला. रुमालानं मान पुसत त्यानं सगळीकडं नजर फिरवली. “बाया माणसांना आत ठेवून मी सील कसं लावू?” तो कुणाकडंही न बघता म्हणाला. मग फाईल एका टेबलावर ठेवून त्यानं विचारलं, “या मशिनी कुणाच्या?”

“मंडळीच्या,” लुकस मास्तर म्हणाले.

“ट्रस्टच्या,” भिंगारदिवे म्हणाले.

“आमच्या,” शेवंता म्हणाली.

“काही पुरावा?”

पुरावा नव्हताच. नलिनीबाईंनी तोंडानं सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एवढंच झालं होतं. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत लुकस मास्तर होते, भिंगारदिवेही होते. दोघेही आता कौलांकडं बघत होते.

बेलीफनं सुस्कारा टाकला. “हे बघा, हुकूम जागेचा आहे आणि मंडळीच्या मालाचा. तिसऱ्याची वस्तू मला आत कोंडता येत नाही. पण ती तिसऱ्याची आहे असं कुणीतरी जबाबदार माणसानं सांगावं लागेल. पाळकसाहेब, हॉल तुमच्या ताब्यात आहे. तुम्ही सांगाल ते मी पंचनाम्यात लिहितो. खाली सही करा.”

मशिनी एकेक करून थांबल्या. यजमानांनी बोट घालून कॉलर सैल केली. त्यांच्या एका बाजूला मास्तर होते, दुसऱ्या बाजूला वकील, आणि आमची अर्पणा केव्हातरी येऊन खिडकीशी उभी होती. तेही मी पाहिलं आणि त्यांनीही पाहिलं.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “तुम्ही काल शब्द दिलाय.”

“दिलाय,” यजमान म्हणाले. मग ते माझ्याकडं वळले. “कमल, तुझं काय म्हणणं आहे?”

पहिल्यांदा मला वाटलं की ते मला तोंडघशी पाडताहेत. उभ्या मंडळीसमोर मला विचारून सगळं माझ्यावर ढकलताहेत. पण त्यांच्या डोळ्यांत तसं नव्हतं. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, घरात किंवा बाहेर.

मी उठून उभी राहिले.

“ज्या दिवशी मशिनी आल्या त्या दिवशी मी इथं होते,” मी म्हटलं. “ज्या शिवतील त्यांच्या, असं नलिनीबाई म्हणाल्या. तुम्ही समारोपाची प्रार्थना केलीत. मास्तरांनी आभार मानले. वकीलसाहेबांनी पेढे वाटले. त्या दिवशी मंडळीचं किंवा ट्रस्टचं नाव कुणी घेतलं नव्हतं.”

“पाळकीणबाई, तुम्हाला यातलं—” भिंगारदिवे बोलू लागले.

“तिला मी विचारलंय,” यजमान म्हणाले. ते टेबलापाशी गेले. “लिहा खैरनारसाहेब. मशिनी बायकांच्या आहेत. कुठं सही करू?”

मास्तर आणि वकील दोघंही एकदम बोलायला लागले. कित्येक वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते. बेलीफनं दोघांची हरकत लिहून घेतली, खाली रेघ मारली आणि म्हणाला, “बायांनो, दिवस मावळायच्या आत उचला.”

मग एकच धांदल उडाली. कुणी हातगाडी आणली, कुणी नवऱ्याला बोलावून आणलं, शेवंतानं लोखंडी स्टँड एकटीनं पाठीला मारला. बायका डोक्यावर मशिनी घेऊन फाटकाबाहेर पडल्या आणि चार दिशांना पांगल्या. हॉल रिकामा झाला. भुईवर चिंध्या आणि दोऱ्याचे तुकडे उरले. बेलीफनं दार ओढलं, लाख वितळवली आणि सील लावलं.

हसीनाची मशीन तेवढी आवारात राहिली. ती न्यायला कुणी आलं नव्हतं. यजमानांनी भाजीवाल्या तुकारामची हातगाडी मागून आणली. आम्ही दोघांनी मशीन वर चढवली, आणि गळ्यात पाळकाची पांढरी कॉलर असलेला तो माणूस भर बाजारातून हातगाडी ढकलत निघाला. दुकानातले लोक बाहेर येऊन बघत होते. मी मशीन पडू नये म्हणून एका बाजूनं धरून चालले होते.

बाजार मागं पडल्यावर मी विचारलं, “मला का विचारलंत?”

“उत्तर मला माहीत होतं,” ते म्हणाले. गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं, ते त्यांनी बाहेर काढलं. “पण मास्तर जवळ उभे होते, अर्पणा दिसत होती. माझ्या तोंडून निघेना. तू त्या मशिनीवर बसलीस, तुला काही येत नसताना. मला वाटलं, हिच्या तोंडून निघेल.”

हसीनाच्या सासऱ्यांनी दार उघडलं. पाळकाला दारात बघून ते गोंधळले, सलाम करू की बसा म्हणू असं झालं त्यांना. यजमान म्हणाले, “तुमच्या सुनेची मशीन आहे. तिच्या कष्टाची. आता ती घरात बसून शिवेल, तुम्हालाही काळजी नको.” म्हाताऱ्यानं मशिनीच्या चाकावरून हात फिरवला. मग त्यानं एका बाजूनं हात लावला आणि दोघांनी मिळून ती उंबऱ्याच्या आत नेली. पडद्याआडून हसीनाच्या बांगड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली नाही.

पुढचं सगळं आम्हाला वाटलं होतं तसंच झालं. दोन्ही तटांनी यजमानांविरुद्ध अर्ज दिले आणि नाताळ होताच बदलीचा हुकूम आला. पार घाटाखालचं एक लहान गाव, जिथं दहावीचं केंद्रसुद्धा नव्हतं. अर्पणा रडली. शेवंता आली, ट्रकला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “पोरीला माझ्याकडं ठेवा. परीक्षा झाली की आणून सोडते.” एका खोलीत पाच माणसं आणि एक मशीन. अर्पणा तिथं राहिली, तिथूनच पेपर दिले आणि पास झाली. शेवंता कधीकधी तिच्या अभ्यासासाठी मशीन बाहेर ओट्यावर नेऊन शिवायची, हे अर्पणानं आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

नलिनीबाईंनी शब्द पाळला, कापड येत राहिलं. सगळ्याच बायका टिकल्या नाहीत. दोघींच्या नवऱ्यांनी मशिनी विकून टाकल्या. एक गाव सोडून गेली. बाकीच्यांनी शेवंताच्या ओट्यावरून पार्सलं पाठवली. हॉलचं सील निघायला इतकी वर्षं लागली की तोवर छप्पर खाली आलं होतं. मास्तर गेले, वकीलही गेले. गेल्या पावसाळ्यात माझे यजमानही गेले.

त्यांची आठवण निघाली की लोक त्यांच्या उपदेशांविषयी बोलतात. मला घाटाखालच्या गावातली पहिली कमिटी आठवते. आम्हाला येऊन आठवडाही झाला नव्हता. सामान अजून पोत्यांत होतं. पंच मंडळी सतरंजीवर बसली होती आणि विहिरीच्या पाण्यावरून काहीतरी वाद चालला होता. मी चहाचा ट्रे त्यांच्यापुढं ठेवला आणि आत जायला वळले.

यजमान सतरंजीवर जरा बाजूला सरकले.

“तूही बस,” ते म्हणाले. “पाणी तूच भरतेस.”

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मी पदर खोचला आणि बसले.